तीन ते चार, तकरार

दुसऱ्या तासाला शिपाई कागद घेऊन आला तेव्हा माझ्यासमोर अकरा पोरं डोलत होती आणि बाराव्याची चूक मी कानात धरून ठेवली होती. चूक अशी धरून ठेवावी लागते. लगेच बोललं की पोरगं बिथरतं, आणि उशीर झाला की ते पुढे निघून जातं आणि चूकच पाठ होते. आयुष्यात मला हे एवढं एकच कसब साधलंय. शिपाई म्हणाला, "उस्ताद, इथे सही करा, पोच पाहिजे," आणि त्या गडबडीत चूक निसटली. मी सही केली. कागदाच्या डोक्यावर शाळेचं नवं बोधचिन्ह होतं, उघडं पुस्तक आणि त्यातून वर येणारा अणू. खाली लिहिलं होतं: आपण सादर केलेल्या दैनंदिन नियोजनावरून असे दिसते की, आपल्या वर्गात दररोज दुपारी तीन ते चार या वेळेत विद्यार्थी आपापसात तक्रारी करतात, आपण त्या नुसत्या ऐकता, मध्ये पडत नाही, आणि तक्रार पूर्ण केल्याशिवाय विद्यार्थ्यांस घरी सोडत नाही. तरी आज दुपारी तीन वाजता तक्रार निवारण समितीसमोर खुलासा करावा. मी दोनदा वाचलं. मग पोरांना म्हटलं, "थांबा," आणि खिडकीशी जाऊन तिसऱ्यांदा वाचलं.

मी लिहिलं होतं तकरार. ऑफिसातल्या टंकलेखकाने शुद्धलेखन सुधारून तक्रार केलं. त्याची तरी काय चूक? त्याने आयुष्यभर तक्रारच ऐकली असणार, ऑफिसात बसतो तो. आमच्या कुराणाच्या पाठांतराच्या दुनियेत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणं. सकाळी नवा धडा घ्यायचा, दुपारी दोघादोघांनी समोरासमोर बसून तो एकमेकांना म्हणून दाखवायचा, हा म्हणेल तेव्हा त्याने ऐकायचं, तो म्हणेल तेव्हा ह्याने. उस्तादाने नुसते कान उघडे ठेवायचे. मूळ अरबी शब्द हाच, आणि फिरत फिरत इथे आला तेव्हा त्याचं गाऱ्हाणं झालं. एखादा माणूस तेच ते पुन्हा पुन्हा बोलायला लागला की ऐकणाऱ्याला ती कटकट वाटते, तसंच काहीतरी झालं असावं. एरवी मला हसू आलं असतं. हा किस्सा मी बायकोला सांगितला असता आणि ती म्हणाली असती, "हात दाखवून अवलक्षण! तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढं सविस्तर लिहायला?" पण हसू आलं नाही, कारण शिक्षकांच्या खोलीत नव्या वेळापत्रकाचा कच्चा तक्ता लागलाय आणि त्यात माझ्या तीन ते चारच्या चौकोनात कोणीतरी पेन्सिलीने 'अर्थ व आकलन' असं लिहिलंय. पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं, असं मी आठ दिवस स्वतःला समजावतोय. आता हा कागद आला. म्हणजे माझा तास जाणार, आणि वर माझ्याच हस्ताक्षराच्या पुराव्याने जाणार.

हा तास गेला तर माझ्याकडे काय उरतं? सकाळचे दोन तास नवा धडा देतो, तो काय, फोनसुद्धा देतो. पोरांच्या घरी तसलं यंत्र आहे, ते चुकलेल्या जागी लाल होतं आणि थकत नाही. पण तीन ते चारची खोली माझी आहे. जेवण झालेलं असतं, ऊन जमिनीवरून सरकत कपाटापर्यंत आलेलं असतं, आणि बारा आवाज एकाच वेळी बारा वेगळ्या जागी चालत असतात, आणि मी मधे डोळे मिटून बसलेला असतो. कोण कुठे आहे ते मला कळतं. खिडकीजवळच्या पोरीचा श्वास कुठे तुटणार आहे हे तिला कळायच्या आधी मला कळतं. त्या एका तासात मी पोपट नसतो. पोपट म्हणतात ना आम्हाला, पोपटपंची, घोकंपट्टी. नव्या प्रशिक्षणात एका शहरी साहेबाने पडद्यावर एक पिंजराच दाखवला आणि खाली लिहिलं, पाठांतराकडून आकलनाकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी विज्ञानाची बाई बसली होती, ती हळूच म्हणाली, "उस्ताद, मनावर घेऊ नका." म्हणजे मनावर घ्यायचं काहीतरी आहे हे तिलाही कळलं होतं. मी कृतिपत्रिकांच्या विरुद्ध नाही. पोरांनी गणित करावं, प्रयोगशाळेत जावं, अणू बघावा, आणि सकाळी माझ्यासमोर डोलावं, हे सगळं एकाच छताखाली व्हावं असं मलाच वाटत होतं. माझ्या लहानपणी असं छत नव्हतं. शाळा तरी नाहीतर मदरसा तरी, आणि माझ्या अब्बांनी, ते शिंपी होते, माप घ्यावं तसं मला खालीवर बघितलं आणि मदरशात नेऊन सोडलं. नऊ वर्षांचा होतो.

तिथे आमच्या उस्तादांनी मला एकवीस खडे दिले. डाव्या खिशात खडे ठेवायचे, एकदा धडा म्हटला की एक खडा उजव्या खिशात. सगळे उजवीकडे गेले की जेवायला जायचं. मी लबाडी केली नाही असं नाही. पण लबाडी केली की खिसा जड वाटायचा, आणि मी पुन्हा सगळे डावीकडे टाकायचो. एकदा, फक्त एकदाच, मी विचारलं, उस्ताद, ह्याचा अर्थ काय? ते रागावले नाहीत. म्हणाले, "औषध पितोस तेव्हा अर्थ विचारतोस का? पी. गुण येईल." हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढे तीस वर्षं मी तेच देत आलो. गुण आला का? आला. अजूनही मन बावरलं की आतून एक ओळ आपोआप उठते आणि मी शांत होतो. पण ती ओळ काय म्हणते हे मला माहीत नाही. हे वाक्य मी आजवर कोणासमोर उच्चारलेलं नाही. तीस पारे, म्हणजे अख्खं कुराण, पाठ आहेत, मधूनच कुठलाही शब्द द्या, मागचंपुढचं पान सांगतो, पान डावं की उजवं ते सांगतो, आणि अर्थ विचारलात तर ठळक गोष्टी सोडून, दहा-वीस शब्द सोडून, काहीच नाही. एवढ्या मोठ्या घराची सगळी दारं मला उघडता येतात, आणि आत दिवा नाही. बायकोला येतं. ती रोज सकाळी चष्मा लावून भाषांतराचं एक पान वाचते, गेली अठरा वर्षं. एकदा चहा देता देता म्हणाली, "आज किती छान होतं हो, त्या मुंग्यांचं..." आणि मी म्हणालो, "मला सांगतेस?" पुढे तिने कधी सांगितलं नाही. त्या एका वाक्याने मी माझंच किती नुकसान करून घेतलंय, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण माघार कशी घ्यायची हे आम्हाला शिकवलेलं नाही.

साडेबाराला मी तिलाच फोन केला. "तुझ्याकडे ते पुस्तक आहे ना," म्हटलं, "जरा बघून सांग..." आणि पुढे कुठला शब्द विचारावा तेच सुचेना. सगळंच विचारायचं होतं. ती म्हणाली, "काय बघू? आवाज असा का येतोय? डबा खाल्ला का?" मी म्हटलं, "खाल्ला." खाल्ला नव्हता. "राहू दे," म्हटलं, "संध्याकाळी बघू." ती म्हणाली, "तुमचं संध्याकाळचं मला माहितेय," आणि फोन ठेवला. डब्याचं झाकण उघडून मी नुसता बसून राहिलो. तीनला काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. शब्दाचा घोटाळा सांगायला दोन मिनिटं पुरेत. पण त्यानंतर ती विचारणार. ती म्हणजे मुख्याध्यापिका.

ती माझीच विद्यार्थिनी. आठ वर्षांची असताना आली, दोन वेण्या, हातावर शाई. तिचं पाठांतर म्हणजे कोरड्या मातीत पाणी, टाकलं की जिरलं. दोन वर्षांत बावीस पारे. असं पोर मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही. फक्त एक खोड होती, प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'. "पण उस्ताद, इथे असं का थांबायचं? पण उस्ताद, ह्याच्या पुढे तेच पुन्हा का येतं?" बाकीची पोरं तिला 'पण'च म्हणायची. पण आली का, पण कुठाय, पणचा डबा राहिला. मग एके दिवशी पण आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. तिच्या वडिलांनी तिला मोठ्या शाळेत घातलं म्हणून ती सुटली असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं. आता ती मुख्याध्यापिका होऊन आली, दोन पदव्या घेऊन, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला वाकून सलाम केला. तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. तिला तू म्हणू की तुम्ही? चारचौघांत मी मॅडम म्हणतो, एकटी भेटली की तू-तुम्ही दोन्ही गिळतो. "झालं का जेवण?" "मिळाला का कागद?" असं कर्ताच नसलेलं बोलतो. तिच्या लक्षात आलं असणार. चुका धरायला मीच तिला शिकवलंय.

तीनला पाच मिनिटं असताना मी पोरांना जोडीजोडीने बसवलं, म्हटलं, "सुरू करा, मी वर जाऊन येतो," आणि जिना चढलो. माझ्याशिवाय तकरार सुरू झालेली मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकली. जिन्यात ती वेगळीच ऐकू येते. शब्द कळत नाहीत, नुसती एक गुणगुण, तापलेल्या भांड्यासारखी. मला वाटलं, टंकलेखकाला हेच ऐकू येत असेल. वर समितीत तिघं असायला हवे होते, पण खोलीत ती एकटीच होती. म्हणाली, "या उस्ताद. बाकीच्यांना मी येऊ नका म्हटलं. मी कागद आता वाचला. सहीच्या गठ्ठ्यातून माझी सही होऊन गेली होती. माफ करा." मी म्हटलं, "तकरार." ती म्हणाली, "हो ना!" आणि हसली, आणि मीही हसलो. दोन मिनिटंही लागली नाहीत. ती म्हणाली, "बाकीच्यांनी वाचून कपाळाला हात लावला असेल. 'तक्रार पूर्ण केल्याशिवाय घरी सोडत नाही!' मला वाटलं, एवढं चांगलं तक्रार निवारण तर आमच्या समितीतही होत नाही." मला बरं वाटलं. मी उठायला लागलो. "म्हणजे तास..." म्हटलं. "बसा ना," ती म्हणाली. "तासाचं बोलायचंच आहे."

मी बसलो आणि पेन्सिलीने लिहिलेल्या त्या चौकोनाची वाट बघू लागलो. नवी भाषाशिक्षिका येणार, तिच्याकडे पदवी आहे, हे मला शिपायाने सांगितलं होतं. तास तिला जाणार. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, पाठांतराशिवाय अर्थ म्हणजे पाया नसलेली भिंत, वगैरे. ती म्हणाली, "तास तुमचाच राहील. पण त्यात अर्ध्या वेळात अर्थ घ्या. तुम्ही घ्या. दुसऱ्या कोणी नको." मी चष्मा काढून पुसायला घेतला. "पोरांना तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल. रोज एकच शब्द. एक शब्द, त्याचा अर्थ, आणि मग त्यावर तकरार." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघू नाही उस्ताद, पुढच्या सोमवारपासून." तास हिरावून घेतला असता तर लढता आलं असतं. देणाऱ्याशी कसं लढायचं? माझे कान तापले. मी म्हणू शकलो असतो की मला अर्थ येत नाही. चार शब्द. त्यांच्यासाठी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पदवीवाल्या बाई आहेत की." ती टेबलावरच्या पेनाचं टोपण काढघाल करत राहिली. मग म्हणाली, "कित्मीर आठवतो का तुम्हाला?"

आठवतो म्हणजे काय, बाविसावा पारा, डावं पान. आणि त्या जागी एक कुत्रं. गुहेत शेकडो वर्षं झोपलेल्या तरुणांच्या गोष्टीत त्यांचं कुत्रं दाराशी पाय पसरून बसलेलं असतं, आणि लोक त्या कुत्र्याला कित्मीर म्हणतात. मूळ पाठात त्याचं नाव नाही, हे मला नंतर कळलं. मला ते नाव वसतिगृहात माझ्या शेजारी झोपणाऱ्या मोठ्या मुलाने सांगितलं होतं, मी घरच्या आठवणीने रडत होतो तेव्हा. म्हणाला, "रडू नकोस, कित्मीर दाराशी बसलाय." पुढे बाविसाव्या पाऱ्यात तो शब्द आला तेव्हा मला केवढा आनंद झाला. माझं कुत्रं मला तिथे भेटायला आलं होतं. तेव्हापासून त्या ओळीवर आलो की एक पिवळसर कुत्रं येऊन बसतं, शेपटी हलवतं आणि ओळ संपली की जातं. पंचेचाळीस वर्षं. मी म्हटलं, "हो. कुत्र्याचं नाव."

"तुम्ही तेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं होतं, पण उस्ताद, कुत्रं इथे कसं आलं? ते तर गुहेत होतं ना? तुम्ही म्हणालात, पुढे चल." मला आठवलं. ऊन कपाटापर्यंत आलेलं, तिच्या हातावर शाई. ती म्हणाली, "मी वहीत लिहून ठेवलं. कॉलेजात पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी हात वर करून सांगितलं. सगळा वर्ग हसला." मग तिने ड्रॉवर उघडला, डब्यातून एक खजूर काढला, तो खाल्ला, आणि बी कागदावर ठेवून नखाने तिच्यावरचा पापुद्रा सोलला. कांद्याचा पापुद्रा त्यापुढे जाड म्हणायचा. तो तिने माझ्या तळहातावर ठेवला. "हा कित्मीर. बीवरची साल. तिथे म्हटलंय की, अल्लाला सोडून तुम्ही ज्यांना हाका मारता, त्यांच्या मालकीचं एवढंसुद्धा नाही." मी बघत राहिलो. पंख्याच्या वाऱ्याने तो हलला, मी मूठ मिटली. मुठीत काहीच लागत नव्हतं.

मला राग आला. कोणाचा ते कळेना. तिचा आला, कारण एवढं सोपं होतं तर ती इतकी वर्षं ड्रॉवरात घेऊन का बसली. त्या मोठ्या मुलाचा आला. बायकोचा आला, तिने ते पान वाचलं असणार, अठरा वर्षांत निदान तीनदा. आमच्या उस्तादांचा आला, आणि ते मेलेल्या माणसावर रागावणं इतकं लाजिरवाणं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही माहीत नव्हतं. औषधाचं ते सुंदर वाक्य त्यांनी त्यासाठीच तयार ठेवलं होतं, हे मला आत्ता, ह्या खुर्चीवर बसून कळत होतं. आणि मी ते किती जणांना पाजलं? ती सोडून दरवर्षी कोणीतरी विचारतंच. कित्मीर म्हणजे काय? कुत्रं. पुढे चल. गावोगावी, देशोदेशी माझी पोरं गेलीत, कोणी दुकानात, कोणी दवाखान्यात, आणि प्रत्येकाच्या बाविसाव्या पाऱ्यात माझं एक कुत्रं बसलंय.

"म्हणून सोडलंस?" मी विचारलं. सोडलंस. गिळलेलं 'तू' आपोआप बाहेर आलं. ती म्हणाली, "वडिलांनी नाही काढलं मला. मी म्हटलं, मला नाही जायचं. पुढे चल, पुढे चल. कुठे चल ते कोणी सांगत नव्हतं." मग एकदम मुख्याध्यापिका झाली. "पण माझी तक्रार नाही हं उस्ताद. खरंच नाही. पाठ तुम्हीच करून घेतलंत, बावीस पारे अजून जसेच्या तसे आहेत. अर्थ मग शोधला मी." एवढ्यात शिपाई आला, खाली कोणी पालक थांबले होते. ती उठली, माझ्यासमोर एक छापील फॉर्म सरकवला. "कागद निघालाय म्हणजे फाईल बंद करावी लागेल. यावर 'तक्रार नाही' एवढं लिहून सही करा. मी आलेच." दाराशी थांबून म्हणाली, "आणि सोमवारपासून ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही.

खोलीत मी एकटा. मूठ उघडून बघितली, पापुद्रा घामाने तळहाताला चिकटला होता. तो कुठे ठेवावा ते कळेना, मग चष्म्याच्या घरात ठेवला. खालून पोरांची गुणगुण येत होती. एक आवाज अडकला, खिडकीजवळच्या पोरीचा, श्वास तुटला तिथेच, आणि समोरच्याने तिला शब्द दिला, आणि ती पुढे गेली. मी नसतानाही गेली. फॉर्मवर मी 'तक्रार ना' पर्यंत लिहिलं. हात थांबला. 'नाही' हे मी नऊ वर्षांचा असल्यापासून लिहीत आलोय, अब्बांना पत्रात, सगळं ठीक, तक्रार काही नाही. मी ती अक्षरं खोडली. वरचे रकाने वाचले. तक्रारदार: मी माझं नाव लिहिलं. तक्रार कोणाविरुद्ध: उस्ताद. लिहिल्यावर लक्षात आलं की यात मीही आलो. ठीक आहे, येऊ दे. तक्रारीचे स्वरूप: मला अर्थ येत नाही. कोणी सांगितला नाही, आणि मी कोणाला विचारला नाही, आणि मी खोटा सांगितला. सोमवारी शिकवता येणार नाही, शिकायला बसवलं तर बसेन. हे लिहिताना अक्षर लहान मुलासारखं येत होतं. शेवटचा रकाना होता: ही तक्रार आपण यापूर्वी केली होती काय? असल्यास केव्हा?

मी थोडा वेळ खालचा आवाज ऐकला. मग लिहिलं: रोज. दुपारी तीन ते चार.